केंद्रकीला पडदा नाही, मग ती विरघळत का नाही? नववीतल्या एका मुलीचा प्रश्न

मलप्रभाकाठ
सोमवार, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. मी कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला, मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात नववीला कांद्याची साल दाखवली. सॅफ्रानिनचा एक थेंब, वर काचेची चकती आणि एका मायक्रोस्कोपमागे अख्खा वर्ग रांगेत. बहुतेकांनी पेशीभित्तिका बघितली, केंद्रक बघितलं आणि पुढच्याला जागा दिली. एक मुलगी मात्र हलेना. म्हणाली, "बाई, केंद्रकाच्या आत अजून दोन ठिपके आहेत." मी सांगितलं, ती केंद्रकी, तिच्याभोवती पडदा नसतो. क्षणभर थांबली आणि म्हणाली, "पडदा नाही म्हणतासा, मग साखरेगत विरघळून जात कशी नाही वो?"

मला उत्तर आलं नाही. उद्या सांगते म्हटलं आणि चार दिवस वाचत बसले. पाठ्यपुस्तकात यावर एक-दोन ओळी आहेत, पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) पुस्तकात तीन: पडदा नाही, तिथे रायबोसोमचा, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचा, आरएनए बनतो, प्रथिनं जोरात बनवणाऱ्या पेशींत ती मोठी असते. 'का' कुठेच नाही.

इतिहास मिळाला, तो इथे ठेवते. १७८१ मध्ये इटलीच्या फेलिचे फोंताना यांनी ईल माशाच्या कातडीवरच्या बुळबुळीत थरातल्या पेशी काढून दाखवल्या, त्यांत केंद्रकाच्या आत एक ठिपका होता. १८३० च्या दशकात वॅग्नर आणि व्हॅलेंटिन यांनी त्याकडे नीट लक्ष दिलं. १९३४ मध्ये बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या सहाव्या गुणसूत्रावर एक ठरावीक जागा दाखवली, केंद्रकी तिथूनच उभी राहते. आणि १९६४ मध्ये ब्राऊन आणि गर्डन यांनी केंद्रकीच नसलेले बेडकाचे भ्रूण तपासले. त्यांत रायबोसोमचा नवा आरएनए बनतच नव्हता. आईच्या अंड्यातून आलेल्या रायबोसोमच्या शिदोरीवर ते काही दिवस वाढले आणि मग मेले. म्हणजे हा ठिपका नाही तर जगणं नाही, इथपर्यंत माझं मला कळलं.

आता माझे प्रश्न. एक, तिला एकत्र धरून काय ठेवतं? दोन, तिच्यात कोणकोणती प्रथिनं असतात आणि ती कशी रचलेली असतात? तीन, शाळेच्या मायक्रोस्कोपवर हे आणखी स्पष्ट कसं दाखवू?

अजून एक सांगते. ही पोरं आत्ता 'केंद्रकी' म्हणतात. तालुक्याच्या कार्यशाळेत कन्नड शाळेतले सर 'किरुकोशकेंद्र' म्हणतात. एसएसएलसी (दहावी) झाली की पीयूसीत तेच 'न्यूक्लिओलस' होतं. तीन नावांत वस्तू हरवू नये एवढीच माझी धडपड आहे. म्हणून उत्तर मराठीत हवं, तिला वाचून दाखवता येईल असं.

वेदगंगा
सोमवार, रात्री ११.०५

बाई, मी मूळचा निपाणीचा, बंगळुरात पेशीविज्ञानात काम करतो. तुमच्या विद्यार्थिनीला माझा नमस्कार सांगा. तिचा प्रश्न लहान नाही. प्रयोगांतून त्याचं उत्तर मिळायला लागलं ते गेल्या पंधरा-वीस वर्षांतच.

केंद्रकी ही पिशवी नाही आणि खडाही नाही. ती थेंब आहे. आमटीवर तर्री तरंगते, तिच्या थेंबांना कुठला पडदा असतो? तरी ते गोल राहतात. दोन थेंब चमच्याने जवळ ढकलले की एक होतात आणि पुन्हा गोल होतात. २०११ मध्ये क्लिफर्ड ब्रँगविन, टिमथी मिचिसन आणि अँथनी हायमन यांनी बेडकाच्या अंडपेशीतल्या केंद्रक्यांचं हेच दाखवलं. दोन केंद्रक्या एकमेकींना टेकल्या की हळूहळू मिसळून एकच गोल केंद्रकी तयार होते. मधापेक्षाही कितीतरी घट्ट असा द्रव, पण द्रवच.

साखर विरघळते, कारण तिच्या रेणूंना पाण्यात पसरून जाणं सोयीचं असतं. केंद्रकीतल्या रेणूंना एकमेकांची ओढ जास्त. इथे तर्रीचं उदाहरण थोडं सोडावं लागतं, कारण तेल पाण्याला दूर ठेवतं आणि केंद्रकीत मात्र भरपूर पाणी असतं. तिथली ओढ वेगळ्या जातीची आहे. एकेका प्रथिनाला एकमेकांना धरायला एक नाही, अनेक हात असतात. प्रत्येक पकड कच्ची, क्षणात सुटणारी. पण एक हात सुटेपर्यंत दुसऱ्या चारांनी धरलेलं असतं. त्यामुळे घोळका फुटत नाही आणि आतला प्रत्येक जण हलत मात्र राहतो.

या हातांचं उत्तम उदाहरण म्हणजे न्यूक्लिओफॉस्मिन. केंद्रकीतलं अतिशय मुबलक प्रथिन, लांबी २९४ अमिनो आम्लं. त्याचे पाच रेणू मिळून एक चक्र बनतं आणि प्रत्येकाची शेपटी बाहेर लोंबते. या शेपट्यांवर ऋणभाराचे पट्टे असतात. रायबोसोमच्या प्रथिनांवर आर्जिनिन नावाच्या धनभारित अमिनो आम्लाचे ठिकठिकाणी पुंजके असतात, ते या पट्ट्यांना चिकटतात. शेपटीचं टोक आरएनएला धरतं. एका चक्राला पाच शेपट्या, म्हणजे एकाच वेळी किती जणांना धरता येईल, बघा.

रचनेबद्दल उद्या लिहितो, ते जरा सावकाश सांगायला हवं.

जुना फळा
मंगळवार, सकाळी ७.१०

बाई, मी शहापूरचा, निवृत्त मुख्याध्यापक. तुमच्या मुलीला मी असा दाखला देईन: आठवडी बाजार. बाजाराला भिंत नसते. माळव्याचे लोक एकीकडे, भांडीवाले दुसरीकडे, मिरचीवाले तिसरीकडे. माणसं सारखी येतात-जातात, तरी लांबून बघणाऱ्याला बाजार जागच्या जागी दिसतो. आणि तो भरतो कुठे? ठरलेल्या चौकात. मॅक्लिंटॉक बाईंनी मक्यात दाखवलेली जागा म्हणजे तो चौक.

पेशींचा पाठ मी चौतीस वर्षं शिकवला. केंद्रकी काढताना फळ्यावर खडूने एक भरीव टिंब द्यायचो आणि पुढे जायचो. आज वेदगंगांचं लिखाण वाचून वाटलं, त्या टिंबापाशी थांबायला हवं होतं.

वेदगंगा
मंगळवार, रात्री १०.३०

काका, बाजाराचा दाखला फार आवडला. त्यातलं येणं-जाणं तर अक्षरशः खरं आहे. २००० साली फेअर आणि मिस्तेली यांनी जिवंत पेशीत फायब्रिलारिन या प्रथिनाला चमकणारं लेबल लावलं आणि केंद्रकीच्या एका भागातली चमक लेझरने विझवली. थोड्याच वेळात बाहेरून नवे चमकणारे रेणू येऊन ती जागा पुन्हा उजळली. एकेक रेणू तिथे मिनिटभरसुद्धा टिकत नव्हता. केंद्रकी दिवसभर दिसते, तिच्यातला रेणू मात्र क्षणाचा पाहुणा.

एकच दुरुस्ती. व्यापार थांबला की बाजार उठतो, केंद्रकी मात्र तितक्या लगेच उठत नाही. अॅक्टिनोमायसिन-डी हे औषध अगदी कमी मात्रेत दिलं तर रायबोसोमच्या आरएनएचं उत्पादन थांबतं. तरी काही तास केंद्रकी दिसत राहते. फक्त तिची मांडणी मोडते आणि आतले भाग कडेला सरकून टोपीसारखे बसतात. म्हणजे थेंब टिकतो ओढीने, पण त्याची आतली शिस्त टिकते कामाने.

आता ती शिस्त कशी असते ते सांगतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली आपल्या पेशींतली केंद्रकी तीन भागांची दिसते. सगळ्यात आत फिकट तंतुमय केंद्रं, एकाच केंद्रकीत अशी बरीच असू शकतात. प्रत्येक केंद्राभोवती दाट तंतुमय भागाचं वेष्टण. आणि या सगळ्यांना पोटात घेऊन पसरलेला कणीदार भाग. आकारमानाने हाच सर्वांत मोठा.

आतल्या केंद्रात डीएनएचा तो 'चौक' असतो. माणसात असे चौक १३, १४, १५, २१ आणि २२ या पाच गुणसूत्रांच्या आखूड भुजांवर आहेत. प्रत्येक गुणसूत्राची जोडी धरली तर दहा. प्रत्येक ठिकाणी रायबोसोमच्या आरएनएचं एकच जनुक एकामागून एक कित्येकदा लिहिलेलं. एका प्रतीची लांबी सुमारे ४५ हजार अक्षरं. एकसारखा मजकूर इतक्या वेळा आल्यामुळे हा भाग वाचणं अवघड होतं. माणसाच्या जनुकसंचाचं वाचन २००३ मध्ये संपलं असं आपण शिकवतो, पण या आखूड भुजा सलग वाचून झाल्या त्या २०२२ मध्ये.

या केंद्रात यूबीएफ हे प्रथिन जनुकाला उघडं ठेवतं आणि आरएनए पॉलिमरेज-१ हे प्रथिनाचं यंत्र त्याची आरएनएच्या रूपात नक्कल काढतं. नक्कल निघते ती केंद्र आणि दाट भाग यांच्या सीमेवर. १९६९ मध्ये मिलर आणि बीटी यांनी हे काम चालू असतानाचे फोटो काढले. जनुक मधल्या खोडासारखं आणि त्यातून बाहेर आलेले आरएनए फांद्यांसारखे, सुरुवातीला आखूड, पुढे पुढे लांब. हुबेहूब सुरूचं झाड. मिळाला तर तो फोटो मुलांना नक्की दाखवा. शंभरावर यंत्रं एकाच जनुकावर ओळीने धावताना दिसतात.

निघालेली नक्कल दाट भागात जाते. तिथला मुख्य कारागीर फायब्रिलारिन. तो आरएनएवर ठरावीक जागी मिथिल गट (एक छोटी रासायनिक खूण) बसवतो, माणसात अशा जागा शंभराच्या आसपास. जागा तो स्वतः ठरवत नाही. त्याच्याबरोबर छोटे मार्गदर्शक आरएनए असतात, ते लांब आरएनएवरची आपली जुळती अक्षरं शोधून तिथे बसतात आणि फायब्रिलारिनला नेमकी जागा मिळते. डिस्केरिन हे दुसरं प्रथिन असंच मार्गदर्शक घेऊन युरिडिन या आरएनएतल्या एका अक्षराचं रूप बदलतं. त्यात जन्मजात दोष असेल तर त्वचा, नखं आणि अस्थिमज्जेचा एक गंभीर आजार होतो.

मग कणीदार भाग, म्हणजे न्यूक्लिओफॉस्मिनचं राज्य. इथे आरएनएवर रायबोसोमची प्रथिनं चढतात आणि उपघटक, म्हणजे रायबोसोमचे दोन भाग, आकाराला येतात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसणारे 'कण' म्हणजे तेच अर्धवट झालेले उपघटक.

मला सर्वांत देखणं वाटतं ते असं. थर एकात एक का राहतात, एकमेकांत मिसळत का नाहीत? २०१६ मध्ये शुद्ध फायब्रिलारिन आणि शुद्ध न्यूक्लिओफॉस्मिन आरएनएबरोबर परीक्षानळीत एकत्र ठेवलं. पेशी नाही, केंद्रक नाही, तरी फायब्रिलारिनचे थेंब आपोआप न्यूक्लिओफॉस्मिनच्या थेंबांच्या पोटात जाऊन बसले. दोन्ही द्रवांचा पृष्ठताण वेगळा, त्यातूनच कोण आत आणि कोण बाहेर हे ठरतं. मिस्त्री नाही, नकाशा नाही, तरी घर.

सेकंड पीयूसी
मंगळवार, रात्री ११.१५

सर, मी चिक्कोडीकडचा, दहावीपर्यंत मराठी माध्यम. दोन शंका आहेत. रायबोसोमचे उपघटक ४० एस आणि ६० एस, मग पूर्ण रायबोसोम १०० एस न होता ८० एस कसा? आणि ५ एस आरएनए केंद्रकीत बनत नाही असं आमच्या नोट्समध्ये आहे, ते खरं का? बाकीचे तिन्ही बनतात ना तिथे?

वेदगंगा
बुधवार, सकाळी ६.५०

एस हे वजन नाही. वेगाने फिरणाऱ्या नळीत वस्तू किती लवकर तळाला जाते याचं ते माप आहे आणि ते आकारावरही अवलंबून असतं. दोन उपघटक एकमेकांना चिकटले की उघडा पृष्ठभाग कमी होतो, म्हणून एसची बेरीज होत नाही.

नोट्स बरोबर आहेत. केंद्रकीत एकच लांब आरएनए निघतो, ४७ एस, सुमारे १३ हजार अक्षरांचा. तो कापून १८ एस, ५.८ एस आणि २८ एस मिळतात. तिघांची मिळून अक्षरं साधारण ७ हजार भरतात, म्हणजे जवळजवळ निम्मं कापून टाकलं जातं. ५ एस वेगळ्या जनुकावरून, माणसात पहिल्या गुणसूत्रावरून, पॉलिमरेज-३ काढतं आणि ते केंद्रकीत आणलं जातं.

सेकंड पीयूसी
बुधवार, सकाळी ७.०५

निम्मं टाकायचं? आमच्या गुऱ्हाळात चिपाड निघतं तसं. पण चिपाड आम्ही चुलाणात जाळतो, त्यावरच रस आटतो. हे टाकलेलं वाया जातं का?

वेदगंगा
बुधवार, सकाळी ७.२०

चुलाणाचं उदाहरण तुम्हीच दिलंत म्हणून सांगतो, तेही वाया जात नाही. ते तुकडे जोडलेले असताना आरएनएला नीट घडी घालायला मदत करतात. काम झालं की ते मोडून त्यांची अक्षरं नव्या आरएनएसाठी परत वापरली जातात.

प्रथिनांचा प्रवासही लक्षात ठेवा. रायबोसोमची सुमारे ८० प्रथिनं बनतात पेशीद्रव्यात, आधीच्या रायबोसोमांवर. तिथून केंद्रकाच्या छिद्रांतून आत येतात, केंद्रकीत आरएनएवर बसतात, आणि उपघटक होऊन त्याच छिद्रांतून परत बाहेर. ४० एस मध्ये ३३ प्रथिनं, ६० एस मध्ये ४७. शिवाय जोडणीसाठी राबणारी आणि शेवटी रायबोसोममध्ये न राहणारी दोनशेहून जास्त प्रथिनं वेगळीच. जोरात वाढणारी यीस्टची एक पेशी मिनिटाला सुमारे २००० रायबोसोम तयार करते. एवढ्याशा पेशीत!

मलप्रभाकाठ
बुधवार, संध्याकाळी ५.४५

आज वर्गात काकांचा बाजार आणि सरांची तर्री, दोन्ही सांगितलं. डब्याच्या झाकणात पाणी घेऊन तेलाचे थेंब एकत्र करून दाखवले. एक मुलगा म्हणाला, काकवी, पाणी आणि तेल एका पेल्यात ओतलं तर तीन थर होतील, तशी केंद्रकी. करून बघितलं. झाले तीन थर. पण ती मुलगी पेला उचलून म्हणाली, "ढवळलं तर काकवी पाण्यात जाणार की. परत वेगळी होणार नाही." मला तिथेच थांबावंसं वाटलं. केंद्रकीतले थर ढवळले तरी परत वेगळे होतात, फरक तिनेच शोधला.

वेदगंगा सर, उपघटक तयार झाला की तो बाहेर कसा सुटतो? सगळेच इतक्या हातांनी धरत असतील तर त्याला सोडतं कोण?

वेदगंगा
बुधवार, रात्री ९.५५

कच्च्या आरएनएवर धरायला जागा भरपूर असते. त्यावर जसजशी प्रथिनं चढतात आणि त्याची घडी पक्की होते, तसतशा त्या जागा झाकल्या जातात. न्यूक्लिओफॉस्मिनच्या शेपट्यांना पकडायला काही उरत नाही. तेव्हा तयार उपघटक हळूहळू आतून कडेला आणि कडेवरून बाहेर जातो. पूर्ण झालेल्याला घोळक्यात जागाच राहत नाही.

हिंदवाडी
गुरुवार, दुपारी ३.३०

उशिरा आले. मी पॅथॉलॉजिस्ट, बेळगावात. बाईंच्या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देते.

शाळेत सॅफ्रानिनऐवजी टोल्युइडीन ब्लू अगदी सौम्य करून वापरा. तो आरएनएला चांगला धरतो, त्यामुळे केंद्रकी गडद उठून दिसते. कांद्याची आतली, पापुद्र्यासारखी पातळ साल घ्या. मायक्रोस्कोपचा डायाफ्राम (उजेड कमी-जास्त करायची झडप) थोडा मिटवा, नाहीतर उजेडात सगळं धुतल्यासारखं दिसतं. गालाच्या आतल्या पेशींत केंद्रकी शोधत बसू नका. त्या पेशींचं काम जवळजवळ संपलेलं असतं, तिथे फारसं काही दिसत नाही.

कांद्याच्या मुळाच्या टोकाचा प्रयोग करणार असाल तर एक खबरदारी. पेशी सुट्या करायला आपण गरम हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतो. त्यात आरएनए निघून जातो, म्हणून नंतर टोल्युइडीन ब्लूने केंद्रकी रंगवायला जाल तर निराशा होईल. तिथे अॅसिटोकार्मिनच वापरा आणि उलटं बघा: गुणसूत्रांचं जाळं लाल, त्यात केंद्रकी फिकट गोल.

आमच्याकडे चांदीचा रंग आहे. सिल्व्हर नायट्रेट, जिलेटिन आणि फॉर्मिक आम्ल मिसळून काच अंधारात ठेवायची, साधारण अर्ध्या तासात केंद्रकीच्या जागी काळे ठिपके उमटतात. चांदी धरतात ती मुख्यतः न्यूक्लिओलिन आणि न्यूक्लिओफॉस्मिन ही प्रथिनं. गाठीतल्या पेशी किती वेगाने वाढताहेत याचा अंदाज घ्यायला हे ठिपके मोजत असत. हा प्रयोग मात्र शाळेत नको. फॉर्मिक आम्ल भाजतं आणि सिल्व्हर नायट्रेटचे डाग कातडीवरून लवकर जात नाहीत.

न्यूक्लिओफॉस्मिनबद्दल वर आलंच आहे, म्हणून हेही सांगते. मोठ्या माणसांत होणाऱ्या तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगात सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या रुग्णांत याच प्रथिनाच्या जनुकात बदल सापडतो. हे २००५ मध्ये लक्षात आलं. बहुधा चार अक्षरं जास्तीची घुसतात आणि प्रथिनाचं शेवटचं टोक बदलतं. केंद्रकीत धरून ठेवणारा भाग जातो आणि केंद्रकातून बाहेर नेणारी खूण तयार होते. मग हे प्रथिन पेशीद्रव्यात सापडतं. चार अक्षरांनी पत्ता बदलतो. काचेवर ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बराच वेळ खुर्चीवरून उठले नव्हते.

शहापूरची सून
गुरुवार, रात्री ८.१५

मी विज्ञानाची नाही. हा धागा वाचते आहे कारण माझ्या मावशींच्या एएनए या रक्ततपासणीच्या रिपोर्टमध्ये 'न्यूक्लिओलर पॅटर्न' असं लिहून आलं होतं. जिथे तपासणी केली तिथे कोणी नीट सांगितलं नाही, कागद हातात दिला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. घरात सगळ्यांना वाटलं अणूचा काही संबंध आहे, न्यूक्लिअर म्हणून. मावशी रात्रभर जागी. ती केंद्रकी म्हणजे हीच का, डॉक्टरताई?

हिंदवाडी
गुरुवार, रात्री ८.५०

हीच, ताई. अणुशक्तीशी काही संबंध नाही, मावशींना आधी तेवढं सांगा. या तपासणीत प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींवर रुग्णाचं रक्तद्रव घालतात. रक्तात स्वतःच्याच पेशींच्या भागांविरुद्ध प्रतिपिंडं असतील तर ती जिथे चिकटतात ती जागा हिरवी चमकते. मावशींची प्रतिपिंडं केंद्रकीतल्या कुठल्यातरी प्रथिनाला चिकटली, एवढाच त्याचा अर्थ. ते प्रथिन कोणतं यावरून चमक वेगवेगळी दिसते. फायब्रिलारिन असेल तर ढेकळासारखी, पॉलिमरेज-१ असेल तर बारीक ठिपक्यांची. सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजे त्वचा कडक होणाऱ्या आजाराच्या काही रुग्णांत असा पॅटर्न दिसतो. पण नुसत्या या एका ओळीवरून आजार ठरत नाही. निरोगी माणसांतही एएनए पॉझिटिव्ह येऊ शकते. थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात का, कातडी ताठरते का, गिळायला त्रास होतो का, हे बघून संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा. रिपोर्टमधला टायटरचा (प्रतिपिंडांच्या प्रमाणाचा) आकडाही त्यांना दाखवा.

शहापूरची सून
गुरुवार, रात्री ९.०५

डॉक्टरांची वेळ घेते. मावशींना वरची काकांची बाजाराची गोष्ट वाचून दाखवली. इतक्या दिवसांनी त्या रिपोर्टबद्दल न घाबरता बोलल्या.

मलप्रभाकाठ
शुक्रवार, संध्याकाळी ६.२०

ताई, मावशींना बरं वाटलं हे वाचून फार समाधान झालं.

आज वर्गात टोल्युइडीन ब्लू वापरला. डॉक्टरताई, डायाफ्रामची सूचना लाखमोलाची होती. काही पेशींत एक केंद्रकी, काहींत दोन, एकात तीन दिसल्या. आता त्या मुलीचा नवा प्रश्न: पेशीचं विभाजन होताना केंद्रकी दिसेनाशी होते असं पुस्तकात आहे, मग ती जाते कुठे आणि परत त्याच जागी कशी येते?

वेदगंगा
शुक्रवार, रात्री १०.१०

विभाजनाच्या सुरुवातीला एक विकर केंद्रकीच्या प्रथिनांवर फॉस्फेट बसवतं. नक्कल काढणं थांबतं, हातांची पकड सुटते आणि थेंब विखुरतो. पण सगळं पसरून जात नाही. यूबीएफ आणि बरंचसं पॉलिमरेज-१ जनुकाला चिकटून राहतं. त्यामुळे ती जागा बाकी गुणसूत्राइतकी घट्ट गुंडाळली जात नाही, आणि गुणसूत्रावर तिथे एक बारीक कंबर दिसते. तुमच्या पाठातला दुय्यम संकोच तो हाच. न्यूक्लिओफॉस्मिन, फायब्रिलारिन यांसारखी प्रथिनं आणि अर्धवट कापलेले आरएनए गुणसूत्रांच्या पृष्ठभागावर पातळ थर देऊन बसतात. म्हणजे दोन्ही कन्यापेशींना त्यांचा वाटा मिळतो.

विभाजन संपत आलं की फॉस्फेट निघतात. विखुरलेली प्रथिनं आधी बारीक बारीक थेंब करतात. जिथे यूबीएफ वाट बघत बसलेलं असतं तिथे नक्कल पुन्हा सुरू होते आणि ते थेंब तिकडे जमत जातात. म्हणून नव्या पेशीत सुरुवातीला लहान लहान अनेक केंद्रक्या असतात.

जुना फळा
शनिवार, सकाळी ६.४०

म्हणजे चौकात दिवा लावून कोणीतरी बसलेलं असतं. माझ्या बाजारात तेवढं राहिलं होतं.

मलप्रभाकाठ
शनिवार, दुपारी १.३०

वेदगंगा सरांचं शेवटचं वाक्य तिला मुद्दाम वाचून दाखवलं नाही. आधी मुळाच्या टोकाची काच दाखवली, अॅसिटोकार्मिनची. खूप वेळ बघत होती. मग वहीत शेजारी शेजारी दोन लहान पेशी काढल्या, प्रत्येकीत तीन-चार बारीक फिकट गोल. खाली एक मोठी पेशी काढली, तिच्यात एकच मोठा गोल. मध्ये बाण काढला आणि विचारलं, "बाई, हे बारके सगळे मिळून तो मोठा झाला असंल का, तेलागत?"

सोमवारी कांद्याची मुळं पुन्हा पाण्यावर लावतो आहोत. नुकत्याच वेगळ्या झालेल्या पेशींच्या जोड्या शोधायच्या आणि प्रत्येकीतले गोल मोजायचे, असं तिने आणि मी ठरवलंय. काही दिसलं तर इथेच लिहीन.